शांतता सुरू होते ती जागा

वजिराबादेत एक उस्ताद होते. रेडिओ दुरुस्त करायचे. नोकरीसाठी मी नांदेडला आले तेव्हा त्यांचं वय झालं होतं आणि रेडिओही फारसे कुणी आणत नव्हतं, पण त्यांची फळी रोज उघडायची. सोल्डरिंग आयर्न, रोझिनची डबी, मल्टिमीटर, मागे एकावर एक रचलेले मर्फी, बुश, फिलिप्स. गप्प झालेला ट्रान्झिस्टर कुणी समोर ठेवला की ते तो लगेच उघडत नसत. चालू करून कानाशी धरत. "पैले सुनो, मॅडम. खोलने की घाई नक्को." सेट अगदी मुका आहे, की आत बारीक खरखर आहे, की बटण फिरवताना मध्येच टक्क होतं, हे ऐकून झालं की मगच मागचं झाकण निघायचं. मग स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडी दांडीला बोट लावून ते तिचं टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायावर टेकवायचे. स्पीकर घुमला, की बॅटरी, स्पीकर आणि शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष सुटले. बिघाड एरियलच्या बाजूच्या अर्ध्यात. घुमला नाही, तर बिघाड स्पीकरच्या बाजूला. एका स्पर्शात रेडिओचे दोन भाग व्हायचे. मग त्या अर्ध्याचा अर्धा: डिटेक्टर, ४५५ किलोहर्ट्झचे आयएफ, ऑसिलेटर. असं करत ते एका सांध्यापाशी येत. तिथपर्यंत गाणं येत असे, तिथून पुढे जात नसे.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सर्किटच्या आकृत्या फळ्यावर काढून दाखवणं हे माझं कामच आहे. पण शांतता सबंध रेडिओत पसरलेली नसते, ती एका ठराविक जागी सुरू होते आणि ती जागा शोधता येते, हे मला पटलं ते त्या फळीसमोर उभं राहून.

उस्ताद गेले. त्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. आणि माझ्या टेबलावरचा आजचा रेडिओ अंगठ्याएवढा आहे. पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक काळी कांडी, एका टोकाला एरियलचा स्क्रू, दुसऱ्या टोकाला यूएसबी. ही मुळात लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनली. २०१२ साली फिनलंडच्या आन्टी पालोसारी यांच्या लक्षात आलं की एफएम ऐकवताना तिच्यातली रिअलटेकची चिप स्वतः काही उलगडतच नाही. हवेतून आलेल्या लहरीचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाकडे ढकलते. आकडे मिळाले म्हणजे बाकीचा रेडिओ गणिताने बांधता येतो. ऑस्मोकॉम गटातल्या मंडळींनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि काही महिन्यांत जगभरच्या हौशी लोकांच्या हाती २४ मेगाहर्ट्झपासून साधारण १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकणारा रेडिओ आला, किरकोळ किमतीत. सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने, प्रत्येकाचे आठ आठ बिट. उस्तादांचे आयएफ ट्रान्सफॉर्मर, डिटेक्टर, टोन कंट्रोल हे सगळं आता समीकरणांत राहतं. याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात. आम्ही एसडीआर म्हणतो. गंमत बघा, आपल्याकडे दूरदर्शनचं जमिनीवरचं डिजिटल प्रसारण पुढच्या पिढीच्या पद्धतीचं आहे. ज्या कामासाठी ही कांडी जन्माला आली, ते काम नांदेडात तिला करताच आलं नसतं. तिच्या आडवाटेच्या अंगानेच ती आपल्या उपयोगाची झाली.

हा रेडिओ गप्प झाला की स्क्रूड्रायव्हर टेकवायचा कुठे?

हा प्रश्न माझ्यापुढे आणला माझ्या भाच्यानं. तो लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग करतो. घर औसा रोडला. रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की तो त्याचाच, आणि पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: "आत्या, ते दिसतच नाहीये." मी त्याला आधी एवढंच विचारते, कुणाला दिसत नाहीये? तुला, संगणकाला, की सॉफ्टवेअरला? सुरुवातीला तो वैतागायचा. आता तो फोन करण्याआधीच याचं उत्तर शोधून ठेवतो.

पहिल्या वेळी कांडीवरचा दिवा लागत होता आणि संगणक तिच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मधली वायर गंजगोलाईतून घेतलेली होती. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या सोळांपैकी कुठल्याही रस्त्याला वळलं तरी मोबाईलचं सामान मिळतं; चांगलंही मिळतं, पण मागताना काय मागायचं ते माहीत हवं. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन बोलणं नेतात. नुसत्या चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वायरींत बोलण्याच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही वायरी एकसारख्या. दिवा लागतो म्हणून आपण वायरीला निर्दोष ठरवतो, आणि दिवा तर फक्त पहिल्या दोन तारांची साक्ष देत असतो. दुसरी एक जात आहे: चारही तारा असतात, पण तांबं इतकं बारीक की लांबीच्या टोकाला पाच व्होल्टचे पुरते पाच उरत नाहीत. अशा वायरीवर रेडिओ लागतो, थोडा वेळ गातो आणि मध्येच नमुने गळायला लागतात. हा बिघाड पकडायला सगळ्यात कठीण, कारण तो कायमचा नसतो.

वायर बदलली. संगणकाला कांडी दिसली: ०बीडीए, २८३८. प्रत्येक यूएसबी उपकरण जोडल्याबरोबर आपला असा क्रमांक सांगतं; पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. हा क्रमांक दिसला की माझ्या दृष्टीनं स्पीकर घुमला. वायर, पोर्ट, कांडीची वीज, सगळं सुटलं. शांतता आता पलीकडे, सॉफ्टवेअरच्या बाजूला.

तिथे नवीन अडचण. त्याच्या लिनक्सवर संदेश यायचा की इंटरफेस ताब्यात घेता येत नाही, चूक उणे सहा. लिनक्सच्या पोटात टीव्हीच्या कांड्यांसाठीचा एक ड्रायव्हर आधीपासून बसलेला असतो. कांडी जोडली की तो पुढे होऊन तिचा ताबा घेतो. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला शेजारच्यांनी प्रेमानं आपल्या घरी नेऊन जेवायला बसवावं, तसं होतं हे. कुणाचाच दोष नाही, पण आपण दारात वाट बघत उभे. त्या ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकून संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. विंडोजवर हेच उलट बाजूनं करतात: झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं टीव्हीचा ड्रायव्हर काढून साधा विनयूएसबी बसवायचा. एवढं झालं तरी अ‍ॅडमिन म्हणून चालवलं तर चालतं आणि एरवी नाही, अशी तिसरी पायरी निघते. ती परवानगीच्या नियमाची. मी त्याला प्रत्येक पायरीला एक ओळ वहीत लिहायला लावली: काय केलं, काय दिसलं. वहीच, मोबाईल नाही. काय दिसलं आणि मला काय वाटलं हे दोन वेगळ्या रकान्यांत मांडायची सवय वहीतच लागते, असं माझं मत आहे, आणि पंचवीस वर्षं प्रॅक्टिकलच्या जर्नल तपासून ते झालंय.

दिवाळीच्या सुट्टीत तो नांदेडला आला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा जो रस्ता आमच्या दोन शहरांना जोडतो त्यानं, उलट दिशेनं, मांडीवर बॅग घेऊन. बॅगेत कांडी होती आणि दुसरं एक यंत्रही होतं, त्यानं मित्राकडून घेतलेलं, पत्त्यांच्या जोडाएवढं. आधी कांडी लावली. नवीन जागी माझा रिवाज असा की अवघड काही शोधायच्या आधी जे नक्की आहे ते ऐकायचं. आकाशवाणी नांदेड, १०१.१. पडद्यावर जाड, उंच, हलणारा पट्टा उमटला आणि स्पीकरमधून माणसाचा मराठी आवाज आला. भाच्यानं पटकन पुढे सरकवायला हात नेला, मी थांबवला. ते केंद्र नीट लागतंय याचा अर्थ एरियलपासून कानापर्यंतची सबंध वाट मोकळी आहे. यापुढे कुठे काही ऐकू आलं नाही तर निदान वाटेला दोष देता येणार नाही. माझ्या लहानपणी लातूरला वडील नवीन सेल घातल्यावर आधी परभणी लावून बघत, १३०५ किलोहर्ट्झ, मध्यम लहरी. परभणी लागली की मग पुढे मुंबई, विविधभारती, सिलोन. त्यांनी हे कुणाकडून शिकलं नव्हतं.

दुसऱ्या यंत्राचा प्रकार वेगळा. कांडीच्या पोटात फारसं काही नसतं, पण याच्या पोटात एक छोटा संगणक आहे आणि तो ज्या मजकुरावर चालतो ते फर्मवेअर. हे यंत्र ऐकतं तसं बोलूही शकतं, म्हणजे लहरी पाठवू शकतं. आमच्याकडे तसा परवाना नसल्यामुळे पाठवण्याच्या सॉकेटला आम्ही ५० ओमचं टोपण लावून ठेवलं होतं. यंत्र संगणकाला जोडलं की ते एकाच वायरीतून दोन रूपांत समोर येतं, एक पेनड्राइव्हसारखी जागा आणि एक नेटवर्क. लातूरला त्याला पेनड्राइव्ह दिसत होता आणि नेटवर्क दिसत नव्हतं. अर्धं यंत्र बोलत होतं. हाही उस्तादांचाच प्रांत: जे अर्धं बोलतंय त्यानं वायरीला केव्हाच सोडवलंय. शोधता शोधता कळलं की संगणकावरचं सॉफ्टवेअर नवं होतं आणि यंत्रातलं फर्मवेअर बरंच जुनं, आणि दोघांची बोलण्याची रीत मधल्या काळात बदलली होती.

फर्मवेअर बदलण्याची कृती सांगायला दोन ओळींची आहे. नवी फाइल त्या पेनड्राइव्हच्या जागेत टाकायची आणि ड्राइव्ह रीतसर बाहेर काढायचा, वायर न उपसता. 'बाहेर काढा' म्हटल्यावरच आतला संगणक समजतो की मजकूर पुरा आला, आणि मग तो जुनं पुसून नवं लिहायला घेतो. दिवा भराभर लुकलुकतो. या काही मिनिटांत हात लावायचा नाही. या मिनिटांबद्दल मला लिहायचंय, कारण इतकी उघडी वेळ यंत्राच्या आयुष्यात दुसरी नसते. जुनं पुसलेलं आहे, नवं अजून पुरतं उमटलेलं नाही, आणि मधे तांब्याच्या चार तारा. भाचा खुर्चीत ताठ बसला होता. बाहेर कुणाच्या तरी अंगणात फटाके चालू होते. मी चहा ठेवायला उठले तर तो म्हणाला, "आत्या, आत्ता नको, टेबल हलेल."

टेबल हललं नाही, पण मधला हब गेला. स्वस्तातला होता, त्याचं एक भोक सैल होतं, आणि सगळं लिहून व्हायच्या आत दिवा विझला. परत जोडलं तर पेनड्राइव्ह नाही, नेटवर्क नाही, क्रमांक नाही. पोराचा चेहरा उतरला. यंत्र मित्राचं होतं.

त्यापुढे जे झालं त्यासाठी ज्या अनोळखी इंजिनिअरांनी हे योजून ठेवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. यंत्राच्या स्मृतीत अगदी सुरुवातीला एक छोटा तुकडा असतो, आणि नेहमीचं अपडेट त्याला हात लावत नाही. त्याला रेडिओ माहीत नाही, नेटवर्क माहीत नाही. त्याला एकच काम येतं: बटण दाबून धरलेलं असताना वीज मिळाली, तर वायरीवरून नवा मजकूर उतरवून घेणं. या अवस्थेला डीएफयू म्हणतात. यूएसबीच्या सॉकेटशेजारी पिनेनं दाबायचं एक बारीक बटण होतं. हब काढून टाकला, आखूड वायर थेट लॅपटॉपला लावली, मी बटण दाबून धरलं, त्यानं वायर जोडली. क्रमांकांच्या यादीत एक ओळ वाढली. नाव वेगळं होतं, कारण यंत्र या घडीला रेडिओ नव्हतंच. पण ते होतं. त्या एका ओळीवर तो जो हसला ते मी अजून विसरलेले नाही. मग टर्मिनलमधून नवी फाइल पाठवली, टक्के चढताना पाहिले, बटण सोडून पुन्हा जोडलं आणि दोन्ही रूपं पडद्यावर आली. मग चहा झाला.

अशा वेळी लोक म्हणतात, यंत्र मेलं होतं ते जिवंत झालं. मी तसं म्हणत नाही. ते गप्प होतं, आणि गप्प असण्याची जागा आम्हाला सापडली.

या हौसेत वीज दोन्ही बाजूंनी भेटते. आमच्याकडे लाईट जाते ती कुणाला सांगायला नको. भाच्याच्या आजोबांचं शेत औसा तालुक्यात आहे, सोयाबीन आणि तूर; तिथल्या आखाड्यावर एक खोली आणि वर स्लॅब. शहराच्या आत एरियल लावलं की पडद्यावर सगळीकडे पिवळं धुकं दिसतं: एलईडी बल्बांचे स्वस्त चोक, इन्व्हर्टर, चार्जर, केबलचे बूस्टर, प्रत्येकजण आपापली खरखर हवेत सोडत असतो. मग एखाद्या संध्याकाळी लाईट जाते, पंखे थांबतात, लोक दारात येतात, आणि बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर ते धुकं सरकन खाली उतरतं. जिथे काही नव्हतं तिथे बारीक बारीक रेघा दिसू लागतात. त्या नव्यानं आलेल्या नसतात. आधीपासून होत्याच. जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूपांनी जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, तिची जागा निवडताना हाच विचार होता की माणसाच्या यंत्रांची खरखर तिथे कमी असावी. विश्वातला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर जे कुजबुजतो ते ऐकायला आधी आसपासची खरखर कमी व्हावी लागते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे शाळांच्या सहली लोटतात. मी माझ्या मुलांना नेलं होतं, आणि मोबाईल बंद करा असं तिथे का सांगतात हे त्यांना समजावायला मला आमच्या गल्लीतल्या लोडशेडिंगचंच उदाहरण कामी आलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आखाड्यावर गेलो ते उपग्रहाचं चित्र उतरवायला. त्यासाठीचं एरियल कुणालाही करता येतं. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन काड्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मधे वायरमन वापरतात तो पट्टीचा कनेक्टर, काड्यांत १२० अंशांचा कोन. स्लॅबवर उत्तर-दक्षिण आडवं ठेवायचं. अमेरिकेच्या नोआ मालिकेतले हवामान उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या एफएमवर चित्र पाठवत. सेकंदाला दोन ओळी, आणि त्या ओळींचा ठेका कानाला टिक-टॉक, टिक-टॉक असा ऐकू येई. जगभर लाखो मुलांचा पहिला उपग्रह तो. भाच्यानं त्याबद्दल वाचलं होतं आणि त्याच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते उपग्रह होते. ठरलेल्या वेळी त्यानं १३७.१ लावलं आणि ओरडलाच, "आत्या, येतंय! टिक-टिक येतंय!"

मी ऐकलं. ठेका संथ होता. सेकंदाला एकच, त्याहून जरा सावकाशच. पडद्यावर पाहिलं तर प्रत्येक ठोक्याला डावीकडून उजवीकडे, सगळ्या रुंदीभर एक रेघ. उपग्रहाचा पट्टा अरुंद असतो आणि तो जवळ येताना, दूर जाताना डॉप्लरमुळे काही किलोहर्ट्झ सरकत जातो. ही रेघ सरकत नव्हती. माझा भाऊ खालून हसत म्हणाला, "अरे, ती शेजारच्यांची झटका मशीन आहे." रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत सौर बॅटरीवरून ठराविक वेळानं झटका सोडतात, ती. तारेवर एखादं गवत टेकलेलं असलं की ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी सबंध पट्ट्यावर उमटते. आम्ही कुंपणाच्या कडेनं चालत गेलो, गवताची ती जुडी सापडली, शेजाऱ्यांना मशीन बंद करायला सांगून ती काढली. टिक-टिक थांबली.

आणि मग तिथे काहीच उरलं नाही. भाच्यानं वायर तपासली, कनेक्टर दाबून पाहिला, आकाशवाणीचा एफएम लावून पाहिला, सगळं ठणठणीत. शेवटी मी त्याला सांगितलं की आता वर बघ. नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद केला गेला, नोआ-१९ आणि नोआ-१५ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. नोआ-१५ तर मे १९९८ मध्ये सोडलेला. सत्तावीस वर्षं तो फिरला आणि बोलला. अजूनही तो डोक्यावरून जातो, ठरल्या वेळी, ठरल्या कक्षेतून. यादी बरोबर होती, गणित बरोबर होतं, एरियल बरोबर होतं. शांतता आठशे किलोमीटर वर सुरू होत होती. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मलाही वाईट वाटलं. आपल्या हातचं सगळं नीट असूनही ऐकू न येणं, हे त्याच्या वहीत पहिल्यांदाच लिहिलं जाणार होतं.

त्या स्लॅबवरून दक्षिणेला किल्लारी फार दूर नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला मी शाळेत होते. आदल्या दिवशीच गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर हललं. आम्ही रस्त्यावर आलो, वडील पुन्हा आत गेले आणि ट्रान्झिस्टर घेऊन आले. त्या पहाटे ते काटा फिरवत उभे होते, हे मला स्पष्ट आठवतं. लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर किल्लारी, सास्तूर, मंगरूळ ही गावं जमिनीला मिळाली होती. गोलसर दगडांच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरंच माणसांवर कोसळली. आठ-दहा हजारांच्या घरात माणसं गेली. उजाडताच औसा रोडनं माणसं येऊ लागली, आणि त्यांच्या तोंडून एकेक गाव कळत गेलं. कुठलं गाव गेलं, कुठलं राहिलं, कुठे किती माणसं अडकलीत, याचा पूर्ण हिशेब लागायला दिवस गेले. नंतर हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, आपले सेट, बॅटऱ्या आणि तारा घेऊन भूकंपाच्या भागात आले आणि निरोपांची ने-आण करू लागले. २००१ मध्ये कच्छलाही अशीच मंडळी गेली. त्यांच्याबद्दल फार लिहिलं गेलेलं नाही. पण एक गाव गप्प आहे एवढं कळून भागत नाही. ते तार तुटल्यामुळे गप्प आहे, वीज नसल्यामुळे गप्प आहे, की बोलायला कुणी उरलं नाही म्हणून, यावर मदत कुठे आधी धाडायची ते ठरतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. स्लॅबवर त्या संध्याकाळी ते मी भाच्याला सांगितलं, जेवढं मला आठवतं तेवढं, वडिलांच्या ट्रान्झिस्टरसकट. त्याचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला.

त्या रात्री आम्ही घरी गेलो नाही. यादी नवी केली. रशियाचे मेटिओर उपग्रह अजून बोलतात, १३७.९ वर, पण डिजिटल. कानाला ती नुसती फुसफुस ऐकू येते, ओळखायचं ते डोळ्यांनी, पडद्यावर उठणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोहर्ट्झ रुंदीच्या उंचवट्यानं. सकाळच्या फेरीला तो उंचवटा उठला, सरकत गेला आणि बारा-तेरा मिनिटांत मावळला. चित्रात मधेच काळे पट्टे होते, बहुधा आंब्याच्या झाडाच्या बाजूचे. अरबी समुद्राचा किनारा मात्र साफ होता.

लातूरला परतताना गाडीत भाच्यानं मला विचारलं की हॅमच्या परवान्याला काय लागतं. रेस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी, केंद्र सरकारची लेखी परीक्षा, आणि जनरलसाठी मोर्सही. त्यानं अर्ज भरला आहे. आखाड्यावरच्या खोलीत एक जुनी ट्रॅक्टरची बॅटरी आणि सौर पॅनेल बसवून घेतलंय. मोबाईलचा टॉवर बंद, लाईट बंद, अशा दिवशी तिथून काय काय ऐकू येतं याची यादी तो आताच करून ठेवतोय, महिन्यातून एकदा मुद्दाम सगळं बंद करून. झटका मशीनच्या कुंपणाचं गवत कापायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं आहे. मोर्सचा सराव रात्री, माझ्याशी फोनवर. मिनिटाला आठ शब्द लागतात. तो पाचावर आहे, आणि सहाव्याला अजून वाय आणि क्यूमध्ये अडखळतो.